जुन्या दाराच्या कड्या-कुलपांचे गल्ले करायचेत, सुरुवात कुठून करू?

चरईचा_चंदू:
नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या. आमची नौपाड्यातली जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. लोड बेअरिंगची (म्हणजे भिंतींवरच भार असलेली), सागवानी दारं-खिडक्यांची, जिन्याला लाकडी कठडा वगैरे. तोडकाम सुरू व्हायच्या आधी आम्ही आमच्या खोल्यांची दारं, एका खिडकीची चौकट, आणि जुन्या वायरिंगच्या ज्या सागवानी पट्ट्या नि बोर्ड असायचे ना तेही काढून आणले. सध्या सगळं घोडबंदर रोडला भाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभंय आणि घरातून रोज विचारणा होतेय की हे लग्नात द्यायचंय का कुणाला.

आता मुद्दा. सोबत हार्डवेअर पण बरंच निघालंय. पितळी कड्या, कोयंडे, जाड बिजागऱ्या, शिवणाच्या मशीनच्या टेबलाचे दोन खण मुठींसकट, काळे गोल बेकलाइटचे (जुनं कडक प्लास्टिक) स्विच, आणि आजोबांच्या पेटीचं एक वजनदार कुलूप ज्याची चावी कुठे गेली देवाला ठाऊक. मी नेटवर फोटो पाहिला, अमेरिकेत जुन्या पोस्टाच्या खणांची पितळी दारं लावून लाकडी गल्ले करतात, वर नाण्याला फट, पुढे ते छोटं दार. बघूनच डोक्यात बसलं. बिल्डिंगमधली सगळी कुटुंबं आता कोण कळव्याला कोण ऐरोलीला विखुरलीत, म्हटलं प्रत्येक घरातल्या पोरांना आपल्याच दाराचा एकेक गल्ला द्यावा.

हाताशी ड्रिल, जिगसॉ आणि उत्साह आहे. कारखाना नाही. लाकूड कुठे कापून मिळेल, फट केवढी ठेवायची, पितळ घासून चकाचक करू की राहू देऊ, बिनचावीच्या कुलपाचं काय, आणि पुढेमागे दोन-चार विकले तर चालतात का, जेवढं माहितीय तेवढं सांगा.

रंधा_कळवा:
चंदूभाऊ, आमच्या घरात सुतारकी आहे म्हणून थोडं अधिकाराने लिहितो. पहिली गोष्ट, लाकडाला हात लावायच्या आधी सगळं हार्डवेअर जमिनीवर मांडा आणि बघत बसा. खोका आधी करून त्यावर कडी बसवायला गेलात की कडी चिकटवल्यासारखी दिसते, शोभेची. उलट करायचं. कडी केवढी, तिचा कोयंडा किती अंतरावर बसतो, दार उघडताना तिला किती जागा लागते ते मोजा आणि त्यावरून खोक्याची उंची-रुंदी ठरवा. मोठ्या दाराची कडी छोट्या खोक्याला अंगावर येते, ती आडवी लावून मूठ म्हणून वापरली तर झकास. खिडकीची छोटी कडी मात्र गल्ल्याच्या दाराला जन्मजात असल्यासारखी बसते.

आता लाकूड. जुन्या दारात मोडके खिळे असतात, डोकं तुटलेलं, आत गंजलेलं, वरून पुट्टी-रंग. स्पीकरमधलं जोरदार लोहचुंबक घ्या आणि फळीवरून सावकाश फिरवा, जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण. पितळी स्क्रू चुंबकाला सापडत नाहीत हे लक्षात ठेवा, ते डोळ्यांनीच शोधायचे, रंग खरवडून. हे न करता वखारीत गेलात तर सॉ मिलवाला फळीच आत घेणार नाही आणि त्याचं बरोबर आहे, एका खिळ्यात पात्याची वाट लागते आणि तुकडा उडून माणसाला लागतो. खिळे काढलेत म्हटल्यावर बहुतेक जण कापून देतात, पण जुन्या लाकडाला भाव जास्त सांगतात, घासाघीस करायची.

जुन्या दाराची फळी सव्वा-दीड इंच असते, ती अख्खी वापरली तर गल्ला उचलायला हमाल लागेल. मधून चिरून घ्या, रंधा मारल्यावर अर्धा इंच उरली तरी भरपूर. चिरल्यावर आतलं सागवान बघा, बाहेरून काळपट मेलेलं दिसतं आणि आत मधासारखा रंग, वास अजून येतो. सागात तेल असतं म्हणून फेविकॉल लावायच्या आधी जोडाची जागा ताजी घासून घ्या, कोरड्या फडक्याने पुसा आणि लगेच चिकटवा, नाहीतर जोड सुटतो. सागात सिलिकाही असते, पटाशी (लाकडाची छिन्नी) सारखी पाजळावी लागेल, कंटाळू नका.

तळाची फळी चारही बाजूंनी चिकटवू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड आडवं फुगतं, आणि एसीवाल्या खोलीत परत आकसतं. चारी बाजूंना खाच करून त्यात तळ सैल बसवा किंवा सरळ प्लायचा तळ घालून स्क्रूने आवळा. खिळे नकोत, नाण्यांचं वजन खाली सारखं पडत असतं, खिळे हळूहळू सुटतात.

वाशी_ते_वडाळा:
हे सगळं ठीक आहे पण चांगल्या दाराचे तुकडे करून गल्ले करणं मला पटत नाही, स्पष्ट बोलतो. दार म्हणून धड असेल तर ते नवीन फ्लॅटला लावा किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरवाल्यांना दाखवा, तिथे कदर करणारी माणसं येतात. फळ्या तडकलेलं, खालून पाण्याने कुजलेलं जे दार असेल तेवढंच कापा. एकदा कापलं की परत दार होत नाही.

चरईचा_चंदू:
@वाशी_ते_वडाळा, मान्य. धड असलेलं दार ठेवायचंच ठरलंय, नव्या घराच्या देवघराच्या खोलीला लावणार, बिल्डरच्या आर्किटेक्टशी हुज्जत चालू आहे. कापायचंय ते मोरीचं दार, खालचा वीतभर भाग गेलेलाच आहे.

डेट्रॉईटचा_डोंबिवलीकर:
पोस्टाच्या दारांबद्दल मी सांगू शकतो, माझ्या टेबलावर एक आहे. इकडे पोस्ट ऑफिसात भिंतभर छोटे खण असायचे, गिऱ्हाइकाने आपला खण उघडून टपाल न्यायचं, घरपोच वगैरे नाही. त्या खणांची दारं पितळ किंवा ब्राँझची ओतीव, पुढे छोटी काच आणि अक्षरं कोरलेली एक किंवा दोन फिरत्या चकत्या, म्हणजे चावीच नाही, अक्षरांचं कॉम्बिनेशन. येल, कॉर्बिन असल्या कुलपाच्या कंपन्या ती बनवायच्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. पुढे पोस्टाने साधी ॲल्युमिनियमची खणं आणली तेव्हा ही जुनी दारं ढिगाने विकली गेली आणि इथल्या हौशी सुतारांनी ओक, अक्रोडाच्या खोक्यांना ती लावून गल्ले केले. गॅरेजात बसून आजोबा लोक नातवंडांसाठी करायचे, अजूनही करतात.

यातलं कामाचं सांगतो. कॉम्बिनेशन हरवलं तरी दार फुकट जात नाही, दार उघडं असेल तर मागच्या बाजूने चकत्यांच्या खाचा दिसतात, त्या एका रेषेत आल्या की कुलूप सुटतं, तेव्हा पुढे कुठली अक्षरं आलीत ते लिहून घ्यायचं. आणि लिहिलेला कागद खोक्यात ठेवू नये, इथे लोक ठेवतात, मग खोकं बंद आणि कागद आत! पण चंदूभाऊ, ही दारं मागवायच्या फंदात पडू नका. पितळ जड, कुरियरचे पैसे दारापेक्षा जास्त. तुमच्याकडे तुमचा कोयंडा आहे, तोच लावा.

आत्या_नौपाडा:
चंदू, तुझ्या बिल्डिंगसमोरच आम्ही राहायचो बहुतेक, कठडा आठवतोय मला. असो. पितळेचं मी सांगते. ठाण्यात राहून पितांबरी लावायची नाही हे म्हणजे शेगावला जाऊन कचोरी न खाण्यासारखं आहे, पण इथे थांब. देवाची भांडी घासायची वेगळी आणि हे वेगळं. कडीला हाताने धरून धरून जिथे गुळगुळीत झालीय तिथे आपोआप चमक असते आणि कोपऱ्यात काळं असतं, ते काळं गेलं की कडी काल दुकानातून आणल्यासारखी दिसते. म्हणून फक्त कोमट साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, आणि रंगाचे ओघळ असतील तर कडी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून लाकडाच्या चपट्या काडीने खरवडायची. हिरवं आलेलं असेल तेवढ्यावर चिंच-मीठ लाव, लगेच धू, लगेच पूस. आंबट राहिलं तर आठ दिवसांत परत हिरवं.

मुलांना चकचकीत आवडतं असं म्हणशील तर एखादी घास, बाकीच्या राहू दे.

टीटीसी_भंगारप्रेमी:
लाकूड कमी पडलं तर महापे, रबाळे, तुर्भे बाजूला कंपन्यांच्या बाहेर पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) मिळतात, पाइनचं हलकं लाकूड, गल्ल्याची मागची बाजू नि तळ यासाठी मस्त. न्हावा-शेवाला परदेशी माल उतरतो त्यातूनच येतात बरेचसे. पण त्यावरचा शिक्का बघायचा. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं, त्याशेजारी एचटी लिहिलं असेल तर उष्णता देऊन किडे मारलेत, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान ३० मिनिटं, ते चालतं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात आणू नका, शिक्काच नसेल तरी सोडून द्या. आणि कुणी रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर देतो म्हणाला तर दिसायला कितीही भारी असले तरी नको म्हणा. त्यांना क्रिओसोट पाजलेलं असतं, डांबरासारखा वास येतो, कातडीला त्रास देतं, पोरांच्या हातात द्यायच्या वस्तूला अजिबात नाही.

नाणेवेडा_नेरूळ:
फटीचं कुणी बोललंच नाही अजून, तीच तर गल्ल्याची जान. सध्या चलनातली सगळ्यात मोठी नाणी म्हणजे १० आणि २० ची, दोन्ही २७ मिमी. २० चं बारा कोनी आहे, २०२० पासून आलं. जुना १९६२ नंतरचा मोठा रुपया २८ मिमी होता, कुणाच्या घरी असेल तर आजोबा कौतुकाने टाकायला देतील. म्हणून फट ३२ लांब, ४ रुंद धरा. नुसतं नाणं जाईल एवढी घट्ट केली तर पावसाळ्यात लाकूड फुगून अडकेल. ते ४४ मिमीचे स्मारक रुपये येतात ना शंभराचे वगैरे, ते गल्ल्यात टाकायचे नसतातच, त्यांच्यासाठी फट वाढवू नका.

फट जाड फळीत पाडली की नाणं मध्येच तिरकं होऊन अडतं, पोरं मग चमचा घालतात. आतल्या बाजूने पटाशीने उतार द्या म्हणजे वर ४ मिमी, खाली रुंद. दोन टोकांना ४ च्या बिटने भोकं पाडून मधलं जिगसॉच्या बारीक पात्याने काढा. वर एखादी पितळी पट्टी बसवली तर कडा झिजत नाही. तुमच्याकडे जुन्या कुलपाची चावीच्या भोकावरची पट्टी असेलच की, तिची मधली फट कानशीने लांबवा, लोकांना वाटेल मुद्दाम ओतून घेतलीय.

उलटा करून हलवला की नाणी बाहेर येऊ नयेत म्हणून आत फटीखाली कातड्याची पट्टी एका बाजूनेच खिळवायची, नाणं पडताना वाकते, परत येताना आडवी येते. जुन्या चपलेचा पट्टा चालतो.

आणि आकार फार मोठा नको. १० चं नाणं ७.७१ ग्रॅम. दहा हजार रुपये जमले की पावणेआठ किलो झालं, वर सागवानाचं वजन. पोराने पायावर पाडला तर हाडाच्या डॉक्टरकडे ते सगळे तिथेच संपतील. सहा इंच बाय चार इंच, उंची पाच, बास. भरल्यावर ते पैसे दुकानात एकदम द्यायला जाऊ नका, २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाण्यांत हजार रुपयांपर्यंतच घ्यायचं बंधन आहे. बँकेत भरायला तशी मर्यादा नाही, रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय, फक्त काउंटरवरच्या माणसाचा चेहरा बघवत नाही.

बालवाडी_ताई_ऐरोली:
सगळे कड्यांवर बोलतायत म्हणून मध्येच येते. चंदूदादा, तुमच्या दारांवर रंग कुठला आहे? जुना ऑइलपेंट असेल, हिरवा-पिवळा-पांढरा एकावर एक, तर त्यात शिसं असण्याची दाट शक्यता. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तुमचं मोरीचं दार त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणून तो रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका आणि हीट गनने जाळूही नका, धूळ आणि धूर दोन्ही फुप्फुसात जातात. पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर, चांगला मास्क, खाली प्लास्टिक, लहान मुलं नि गरोदर बाई घरात असेल तर बाल्कनीतसुद्धा नाही. निघालेला लगदा गुंडाळून टाकायचा, मोरीत सोडायचा नाही.

त्यापेक्षा सोपं म्हणजे रंगाची बाजू रंध्याने न घासता सॉ मिलमध्येच वरचा थर चिरून काढायला सांगा. जुना रंग थोडा ठेवावा असं वाटत असेल, दिसतो छान हे खरंय, तर तो गल्ला मोठ्या माणसाला द्या. पोरं सगळं तोंडात घालतात.

रंधा_कळवा:
ताईंचं शंभर टक्के बरोबर. पॉलिशचंही त्यातच सांगून टाकतो. मुलांसाठी चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश उत्तम, चार-पाच पातळ हात, फडक्याच्या बोळ्याने, मध्ये सुकू द्यायचं. सागाला नुसतं मेण नि बेल तेल (जवसाचं उकळलेलं तेल) पण खुलतं, पण बेल तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकून ठेवू नका. सुकताना ती तापतात आणि आपली आपण पेटतात, खरंच पेटतात. पसरून वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून मग टाका. काचेसारखं चकाकणारं वॉर्निश मारलंत तर मी ओळख देणार नाही. खिळ्याची भोकं, जुन्या बिजागरीचा ठसा, हे पुट्टीने बुजवू नका, उलट दर्शनी बाजूला येतील असे तुकडे काढा. तेवढ्यासाठीच तर दार वाचवलंत.

वायरिंगच्या पट्ट्या फेकू नका हां. त्या बारीक सागवानी पट्ट्यांची खाच आयती असते, त्यात काच सरकते. पुढे छोटी काच लावली की आत किती भरलंय ते दिसतं. बेकलाइटचा स्विच नुसता शोभेला, पोरं दिवसभर टकटक करतील.

किल्लीवाला_नाही_पण:
बिनचावीचं कुलूप: तोडू नका, स्प्रे मारू नका. तेलावर धूळ बसून आतले लिव्हर चिकटतात. पेन्सिलचं टोक किसून ती काळी पूड भोकात फुंका. मग कुलूप फळीवरून सोडवून, फक्त कुलूप, स्टेशनजवळ किंवा जांभळी नाक्याच्या बाजूला बसणाऱ्या चावीवाल्याकडे न्या. पेटीचं कुलूप फळीवरून सुटलं की मागचं पान उघडता येतं, लिव्हर दिसतात, मग कोऱ्या चावीला कानस मारून बसवणं त्याला सोपं जातं. फळीत बसवलेलं कुलूप नेलंत तर तो अंदाजाने करणार आणि पैसे जास्त घेणार. दोन चाव्या करून घ्या. कुलपावर नाव कोरलंय का बघा, गोदरेजने १८९७ मध्ये लालबागला कुलपांपासूनच सुरुवात केलेली, जुनी अलीगढचीही खूप असतात आपल्याकडे.

चरईचा_चंदू:
अरे काय लोक आहात तुम्ही, मी तर फोटोवरून कॉपी मारणार होतो. कुलपावर घासलेलं काहीतरी आहे, वाचता येत नाही, कागद ठेवून पेन्सिलने घासून बघतो. रंग हिरवाच आहे ताई, थर चिरूनच काढतो. विकण्याचं कुणी बोला की पण.

बेलापूर_बाजारहाट:
विकायचे असतील तर दोन गोष्टी. एक, जाहिरातीत अँटिक अँटिक करू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं जुन्या कलावस्तू, हस्तकलेच्या वस्तू पुरावस्तू धरल्या जातात, त्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि परदेशी पाठवता येत नाहीत. दाराच्या साध्या कडीसाठी कुणी मागे लागणार नाही, पण शंभर वर्षांपूर्वीचं असं लिहून परदेशात कुरियर करायला गेलात की प्रश्न तुम्हीच ओढवून घेतलेत. जुन्या इमारतीच्या लाकडाचं, जुन्या कडीचं, असं सरळ लिहा, खरंही तेच आहे.

दुसरं, माल संपला की बाहेरून आणावा लागेल, तेव्हा चोरबाजारात मटन स्ट्रीटला जपून. मुरादाबादचं नवं पितळ आम्लात बुडवून जुनं केलेलं भरपूर असतं. मागची बाजू बघायची, जुन्या ओतीव कामात मागे वाळूचा खरबरीतपणा असतो. स्क्रूवर प्लसची खाच असेल तर तो स्क्रू तरी नंतरचाच, तसलं डोकं १९३० नंतर आलं. चुंबक चिकटलं तर लोखंडावर पितळेचा मुलामा.

जागा म्हणाल तर बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे, हस्तकलेची प्रदर्शनं लागतात, चौकशी करा. किंमत लाकडावर लावू नका, तुमचं लाकूड फुकटचं आहे म्हणून गिऱ्हाईक पाडून मागेल. हाताच्या कामाची मजुरी सुताराच्या दिवसाच्या हिशेबाने धरा. आणि बिल्डिंगवाल्यांना द्यायचेत ते आधी पूर्ण करा, कड्या मोजक्या आहेत.

वाशी_ते_वडाळा:
मोरीच्या दाराचे असतील तर करा बाबा. एक माझ्याकडूनही धरा, पैसे देऊन. कडीवाला, स्विच नको.

चरईचा_चंदू:
धरला. कोयंडा कमी पडला तर बिजागरीवर भागवावं लागेल, चालेल का ते सांगून ठेवा.